धनी गेल्यावर

शब्बाथशाळेचे शिक्षक व वरचे वर्ग यांच्यासाठी अभ्यासपाठ
वाचन : २ शमुवेल ९:१-१३, २ शमुवेल २१:१०-१४, गणना १४:२०-२४

पवित्र शास्त्रात कुत्र्याला फारसा मान मिळालेला नाही, ही गोष्ट वर्गातील चौकस मुलांच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. शास्त्रातील कुत्रा बहुधा गावाबाहेर भटकणारा, मिळेल ते खाणारा असतो. एखाद्याला हिणवावयाचे झाले तर त्याला कुत्रा म्हणत. यशया संदेष्टा आपले कर्तव्य विसरलेल्या पहारेकऱ्यांना भुंकता न येणाऱ्या मुक्या कुत्र्यांची उपमा देतो (यश. ५६:१०). लाजराच्या दाखल्यात कुत्रे येतात ते दारात पडलेल्या त्या दरिद्री माणसाचे फोड चाटावयास (लूक १६:२१). परंतु हा पाठ ऐकून मुले घरी परततात तेव्हा दारात शेपटी हालवीत उभा असलेला मोती त्यांना भेटतो. घरातला मोती आणि शास्त्रातला कुत्रा यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न मुलांच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे.

त्यात घरातील आजोबा देवाघरी जातात, आणि मोती त्यांच्या खुर्चीपाशी बसून राहतो. अन्नाला तोंड लावत नाही. फाटकाचा आवाज झाला की कान टवकारतो. हे मुले पाहतात व मोठ्यांना विचारतात. या पाठात आम्ही एवढाच विषय घेत आहोत : धनी गेल्यावर कुत्रा जे करतो, त्यापासून आपण काय शिकावे, आणि काय शिकू नये?

१. रायगडावरचा पुतळा, इंदूरची देणगी

गेलेल्या माणसांची आठवण दगडात जतन करण्याची आपल्या इंदूरची रीत जुनी आहे. राजवाड्यापासून जवळच, नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या आहेत. होळकर घराण्यातील कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या त्या स्मारकछत्र्या. त्यांच्यावरून आपण नित्य ये-जा करतो. परंतु होळकरांच्या पैशातून एक स्मारक येथून फार दूर, सह्याद्रीत रायगडावर उभे राहिले, आणि ते माणसाचे नसून कुत्र्याचे आहे, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसेल.

छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले. गडावर जगदीश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. समाधीपासून थोड्या अंतरावर एका उंच चौथऱ्यावर कुत्र्याचा पुतळा आहे. तो महाराजांचा 'वाघ्या' होय असे सांगतात. महाराजांच्या चितेला अग्नी दिला तेव्हा या इमानी जनावराला धन्याचा वियोग सहन झाला नाही व त्याने चितेत उडी घेतली, अशी कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. हा पुतळा १९३६ साली उभारण्यात आला व त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी पैसे दिले. देणगीचा आकडा पाच हजार रुपये असा सांगितला जातो. हे तिसरे तुकोजीराव. कृष्णपुऱ्यात ज्यांची छत्री आहे त्या शिवाजीरावांचे ते चिरंजीव. पुतळा झाला त्याच्या दहा वर्षे आधी, १९२६ मध्ये, त्यांनी गादी सोडलेली होती.

होळकरांचे कूळ धनगराचे. धनगराच्या वाड्यावर कुत्रा म्हणजे शोभेचे जनावर नव्हे. रात्री मेंढरे बसलेली असतात तेव्हा लांडग्याची चाहूल पहिल्याने त्यालाच लागते. माणसे झोपू शकतात ती त्याच्या भरवशावर. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाच्या भक्तांना 'वाघ्या' म्हणतात. हे वाघे आपणांस देवाचे कुत्रे म्हणवून घेतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. अशा परंपरेतील राजाला कुत्र्याच्या स्मारकासाठी हात आखडता घ्यावासा वाटला नाही, यात नवल नाही.

२. ऐकीव काय, लेखी काय

आता शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. वाघ्याची कथा हृदयाला भिडणारी आहे, परंतु महाराजांच्या काळातील कागदपत्रांत तिचा उल्लेख सापडत नाही, असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात. महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांच्या मागे थोड्याच वर्षांत जिंजी येथे बखर लिहिली. तिच्यात महाराजांच्या अखेरीचे वर्णन आहे, या कुत्र्याचे नाही. कथेला मोठी प्रसिद्धी मिळाली ती पुष्कळ नंतर. नाटककार राम गणेश गडकरी यांनी आपले 'राजसंन्यास' हे नाटक या इमानी कुत्र्याला अर्पण केले. गडकरी १९१९ मध्ये वारले. नाटक अपुरेच राहिले. परंतु ती अर्पणपत्रिका लोकांच्या स्मरणात राहिली.

पुतळ्याला दिलेल्या देणगीभोवतीही कथा जमल्या आहेत. तुकोजीरावांचा स्वतःचा लाडका कुत्रा त्या सुमारास मेला होता व त्याच्या आठवणीखातर त्यांनी ही रक्कम दिली, अशीही एक हकीकत प्रचलित आहे. माणसाच्या मनाला जे असावेसे वाटते त्याची गोष्ट कशी तयार होत जाते, याचे हे चांगले उदाहरण होय.

या पुतळ्यावरून वादही झाले. मागे एकदा काही कार्यकर्त्यांनी तो चौथऱ्यावरून काढून टाकला, आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा बसविण्यात आला. मार्च २०२५ मध्ये तो हलवावा अशी मागणी पुन्हा जाहीरपणे झाली, तेव्हा धनगर समाजातील पुष्कळांनी तिला विरोध केला. एका पक्षाला इतिहासाची शुद्धता प्रिय आहे, दुसऱ्या पक्षाला पिढ्यान्‌पिढ्या जपलेली श्रद्धा. त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. परंतु शब्बाथशाळेत ही कथा सांगावयाची असेल तर ती कथा म्हणून सांगावी, घडलेला इतिहास म्हणून सांगू नये. मुलाला आज आपण ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगितली, आणि उद्या शाळेत त्याला ती तशी नाही असे कळले, तर आपण सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरचा त्याचा विश्वासही डळमळतो.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या कथेचा कळस म्हणजे उडी. खरे प्रेम असेल तर ते मेलेल्याबरोबर मरते, असा अर्थ कोवळे मन तिच्यातून काढू शकते. आपल्या मंडळीत ज्यांचा जोडीदार गेला आहे, ज्यांचे लेकरू गेले आहे, अशी माणसे प्रत्येक रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसलेली असतात. "आता मी कशाला राहिलो?" हा प्रश्न त्यांच्या मनात येऊन गेलेला असतो. त्यांच्या कानांवर, आणि त्यांच्या नातवंडांच्या कानांवर, निष्ठेची कोणती गोष्ट पडते याला फार महत्त्व आहे. म्हणून आम्ही आता अशा दोन कुत्र्यांकडे वळतो की ज्यांना पुष्कळ माणसांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांनी उडी घेतली नाही. ते मागे राहिले.

३. दोन कुत्रे, दोन गावे

पहिला जपानातला. टोकियोच्या विद्यापीठात शेतकीशास्त्राचे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांनी १९२४ मध्ये अकिता जातीचे एक पिल्लू आणले. त्याचे नाव हाची. पुढे लोक त्याला हाचिको म्हणू लागले. प्राध्यापक बाहेर जात तेव्हा हाची त्यांना पोचवावयास व आणावयास शिबुया स्टेशनवर जाई. २१ मे १९२५ रोजी प्राध्यापक कामावर असताना मेंदूतील रक्तस्रावाने अकस्मात वारले. कुत्र्याला धन्याचा सहवास जेमतेम दीड वर्ष लाभला होता. त्यानंतर ८ मार्च १९३५ रोजी मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, तो त्या स्टेशनवर येत राहिला.

ही गोष्ट सांगताना एक भाग सहसा गाळला जातो. आरंभीची कित्येक वर्षे त्या कुत्र्याला कोणी गौरविले नाही. स्टेशनवरील लोक त्याला हाकलीत, मारीत. ऑक्टोबर १९३२ मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख आला, तेव्हा कोठे लोकांची दृष्टी बदलली. १९३४ च्या एप्रिलमध्ये त्याचा कांस्य पुतळा उभारला गेला, आणि अनावरणाला हाची स्वतः हजर होता! शाळांच्या नीतिपाठात त्याची गोष्ट घातली गेली. पुढे महायुद्धात धातूची टंचाई पडली तेव्हा तो पुतळाच वितळविण्यात आला, आणि आज आहे तो पुतळा १९४८ मध्ये नव्याने बसविलेला आहे. निष्ठेची स्तुती करणे माणसाला सोपे जाते. स्टेशनवरच्या भुकेल्या कुत्र्याला लाथ न मारणे हे अवघड जाते.

तरी त्याला खाऊ घालणारे कोणी नव्हतेच असे नाही. प्राध्यापकांच्या बागेत काम केलेले माळी किकुसाबुरो कोबायाशी यांनी पुढे हाचीला आपल्याकडे सांभाळले. त्यांच्या घरून तो स्टेशनवर जाई व परत येई.

दुसरा कुत्रा स्कॉटलंडमधला. एडिंबरो शहरातील ग्रेफ्रायर्स मंडळीचे आवार आपल्या प्रेस्बिटेरियन पूर्वजांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १६३८ साली तेथेच राष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. त्या मंडळीच्या दफनभूमीत १८५८ च्या फेब्रुवारीत जॉन ग्रे नावाच्या, पोलिसांत पहारेकऱ्याचे काम करणाऱ्या एका गरीब माणसाला पुरले. त्याचा लहानसा केसाळ कुत्रा बॉबी त्या आवारात राहू लागला व १४ जानेवारी १८७२ रोजी मरेपर्यंत, सुमारे चौदा वर्षे, तेथेच राहिला असे सांगतात. जवळच्या खानावळीचा मालक त्याला दुपारचे खाणे देई. १८६७ मध्ये कुत्र्यांसाठी परवाना काढण्याची सक्ती झाली. बॉबीचा धनी तर मातीखाली. तेव्हा शहराचे प्रमुख विल्यम चेंबर्स यांनी परवान्याचे पैसे स्वतः भरले व बॉबीच्या गळ्यात पट्टा घातला. १८७३ पासून त्याचा पुतळा तेथील रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे.

याही गोष्टीवर शंका घेतल्या गेल्या आहेत. यान बोंडेसन या अभ्यासकाने २०११ मध्ये असे मांडले की बॉबी हा मूळचा भटका कुत्रा असावा, खाणे मिळते म्हणून तो तेथे राहिला असावा, आणि एक मेल्यावर त्याच्या जागी दुसरा आला असावा. हाचीबद्दलही असे म्हणणारे होते की तो स्टेशनवर येई तो तेथील दुकानांतल्या भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्यांसाठी. खरोखरच त्याच्या मरणानंतरच्या तपासणीत त्याच्या पोटात तसल्या काड्या सापडल्या.

यावर शिक्षकांनी मुलांना काय सांगावे? आम्हांस वाटते, घाबरण्याचे कारण नाही. भाकर आणि प्रेम या दोन वेगळ्या वस्तू आहेत हा हिशेब माणसाचा आहे; कुत्र्यापाशी तो नाही. जो हात खाऊ घालतो तोच हात त्याला प्रिय असतो. आपणही आईला प्रथम ओळखले ते तिच्या दुधाने. अम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांनी प्रभूला ओळखले ते भाकर मोडताना (लूक २४:३०-३१). हाची स्टेशनवर खातही असेल. परंतु खाणे तर पुष्कळ ठिकाणी मिळाले असते, आणि त्याने धरून ठेवलेली जागा धन्याच्या वाटेवरची होती.

४. कुत्र्याला काय कळते?

मरण म्हणजे काय हे कुत्र्याला आपल्यासारखे कळते असे म्हणता येणार नाही. त्याला कळते ते नसणे. आपण डोळ्यांनी जग पाहतो, तो नाकाने. धन्याच्या चपला, चादर, खुर्ची यांत वास आहे, म्हणजे धनी आहे. मग तो येत का नाही? ज्या वेळी तो येत असे ती वेळ झाली की कुत्रा उठून दाराशी जातो. आपण ज्याला शोक म्हणतो त्यात कुत्र्याच्या बाबतीत वाट पाहण्याचा भाग फार मोठा असतो.

शास्त्रज्ञांनी याचा थोडा अभ्यास केला आहे. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की कुत्रा व त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य वाढते. आई व तान्हे बाळ यांच्यातील ओढीशी याच द्रव्याचा संबंध आहे. २०२२ मध्ये इटलीत ४२६ कुत्रेपाळ्यांना विचारून एक पाहणी झाली. घरातील दोन कुत्र्यांपैकी एक मेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात फरक पडला असे शेकडा ८६ जणांनी सांगितले. तो कमी खेळतो, कमी खातो, अधिक झोपतो, माणसाला चिकटून राहतो. ही पाहणी कुत्र्याने कुत्र्यासाठी केलेल्या शोकाची आहे, हे ध्यानात ठेवावे. परंतु धनी गेलेल्या घरात आपण पाहतो ती लक्षणे हीच आहेत.

हे नाते एका बाजूचे नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री व एक कुत्रा एकत्र पुरलेले होते. त्या कुत्र्याच्या दातांची अलीकडे तपासणी झाली तेव्हा असे दिसले की पिल्लू असताना त्याला भारी आजार झाला होता, आणि कोणी शुश्रूषा केल्यावाचून ते त्यातून जगलेच नसते. आजारी पिल्लू शिकारीच्या कामाचे नसते. तरीही त्या माणसांनी त्याला जपले. कुत्र्याची निष्ठा आपण वाखाणतो तेव्हा तिच्यामागे असा जपणारा हात आहे हेही मुलांना सांगावे.

आपल्या इकडेही धन्याने कुत्र्याची आठवण ठेवल्याचे दाखले आहेत. साताऱ्याजवळ कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथे शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे दगडी स्मारक दाखवितात. शिकारीत त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचविला अशी हकीकत आहे.

५. शास्त्रातील मागे राहिलेली माणसे

आता शास्त्राकडे वळू. प्रथम रिस्पा. ही शौल राजाची उपपत्नी. शौलाच्या वंशातील सात जणांना फाशी देण्यात आले, त्यांत तिचे दोघे पुत्र होते. प्रेते डोंगरावर उघडी टाकलेली. रिस्पाने गोणपाट घेऊन खडकावर अंथरले, आणि सातूच्या हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती तेथे राहिली. दिवसा पाखरांना व रात्री रानपशूंना तिने प्रेतांजवळ येऊ दिले नाही. ती काही मागत नव्हती, भाषण करीत नव्हती. ती फक्त उठून गेली नाही. ही बातमी दावीद राजाच्या कानी गेली तेव्हा त्याने शौल व योनाथान यांच्या अस्थी आणविल्या, त्या सात जणांच्याही अस्थी गोळा करविल्या, आणि शौल व योनाथान यांना त्यांच्या वाडवडिलांच्या कबरेत पुरले. एका स्त्रीच्या राखणीमुळे राजाला आपले राहून गेलेले कर्तव्य आठवले. (हा भाग लहान मुलांच्या वर्गात घेऊ नये. तो मोठ्यांसाठी आहे.)

दुसरा कालेब. कालेब या नावाचा संबंध इब्री भाषेतील कुत्रा या अर्थाच्या शब्दाशी आहे असे अनेक पंडित मानतात. देश हेरावयास बारा जण गेले. दहा जण भिऊन मागे हटले, तेव्हा यहोशवा व कालेब हे दोघे आपल्या शब्दाला टिकून राहिले. कालेबाविषयी देव जी साक्ष देतो तिचा आशय असा की याने मला पूर्णपणे अनुसरले. हेर म्हणून गेला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, आपला वाटा मागावयास उभा राहिला तेव्हा पंचाऐंशी (यहो. १४:७-१०). मधल्या पंचेचाळीस वर्षांत त्याच्या वयाचे जवळजवळ सारे साथीदार रानात मरून गेले. तो चालत राहिला.

तिसरा मफीबोशेथ, आणि हा पाठाचा गाभा होय. योनाथान हा दावीदाचा जिवलग मित्र. तो युद्धात मेला. त्याचा पुत्र मफीबोशेथ पाच वर्षांचा होता, दाई त्याला घेऊन पळत असता तो पडला व दोन्ही पायांनी लंगडा झाला (२ शमु. ४:४). पुढे तो लो-दबार येथे परक्या घरी लपल्यासारखा वाढला. नवा राजा जुन्या राजाच्या वंशाचा नायनाट करतो अशी त्या काळची रीत होती. दावीदाने विचारले, योनाथानाप्रीत्यर्थ मी कोणावर दया करू शकेन असे त्या घराण्यात कोणी उरले आहे काय? मफीबोशेथाला आणले. तो पालथा पडला आणि आपणांस मेलेला कुत्रा म्हणाला (२ शमु. ९:८). दावीदाने त्याला शौलाची सर्व शेतजमीन परत दिली व आपल्या पंक्तीला नेहमीसाठी बसविले.

दावीदाने योनाथानासाठी विलापगीत रचले होतेच. परंतु योनाथानावरील त्याची निष्ठा पुरी झाली ती या पंक्तीत. जो गेला त्याला आपण आता काहीही देऊ शकत नाही. त्याने ज्याला मागे ठेवले त्याला देऊ शकतो. जो स्वतःला मेलेला कुत्रा म्हणत होता त्याच्या पुढे रोज ताट वाढले जाऊ लागले, हीच मेलेल्या मित्राशी राखलेली निष्ठा.

६. आपल्या मंडळीत

पाळक घरी येतात, दफनविधी होतो, लोक चार दिवस ये-जा करतात. मग मुले पुण्याला, बंगलोरला, परदेशी आपापल्या कामावर परत जातात. घराला कुलूप लागते. अशा वेळी मागे राहिलेल्यांची यादी करताना एक नाव बहुधा सुटते, ते म्हणजे कुत्र्याचे. कोणी म्हणते, गल्लीतले लोक घालतील काहीतरी. आयुष्यभर घरात राहिलेले जनावर गल्लीत टिकत नाही. तेथील कुत्रे त्याला राहू देत नाहीत. आणि हा नुसता दयेचाही प्रश्न नाही. योग्य कारणावाचून जनावराला उपाशी मरण्याच्या स्थितीत सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो हे नीतिसूत्रांत त्याच्या फार आधी सांगून ठेवले आहे (नीति. १२:१०).

तेव्हा असे घर आपल्या ओळखीत असेल तर पुढील गोष्टी कराव्यात.

(अ) पहिले काही आठवडे कुत्र्याची खाण्याची व फिरावयाची वेळ शक्यतो बदलू नये. खाणे थोडे थोडे द्यावे. धन्याचे एखादे न धुतलेले वस्त्र त्याच्या अंथरुणाजवळ राहू द्यावे. दोन दिवस त्याने काहीच खाल्ले नाही तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे.

(आ) घर बंद होणार असेल तर नवे घर आधी शोधावे व त्याची ओळख आधी करून द्यावी. मंडळीत हे जाहीर करण्यात संकोच बाळगू नये. आजारी माणसासाठी प्रार्थनेची विनंती आपण करतोच. एका मुक्या जिवासाठी आसरा मागणे त्याहून कमीपणाचे नाही.

(इ) वयोवृद्ध सभासदांनी कुत्रा पाळला असेल तर आपल्या मागे तो कोणाकडे जाईल हे घरच्यांशी बोलून ठेवावे. रेबीजची लस दर वर्षी टोचून घ्यावी व तिचा दाखला सापडेल अशा ठिकाणी ठेवावा.

(ई) मुलांना या सेवेत भाग द्यावा, परंतु मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. दुःखात असलेला कुत्रा खाताना वा झोपेत असताना हात लावला तर चावू शकतो. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

आणि कुत्र्याला ताट वाढावयास त्या घरी गेलात, तर तेथे एकट्या राहिलेल्या आजीशी चार शब्द बोलून यावे. पुष्कळदा असे होते की माणसाला भेटावयास जाण्याचा आपणांस संकोच वाटतो, काय बोलावे ते सुचत नाही. कुत्र्याचे निमित्त पुरते. आजींनाही त्याला फिरावयास नेण्यासाठी सकाळी उठावे लागते, कोणीतरी आपल्या वाटेकडे डोळे लावून आहे हे जाणवते, आणि "मी कशाला राहिले?" या प्रश्नाला त्या दिवसापुरते तरी उत्तर मिळते. गेलेल्याची वाट पाहणारे ते दोघे एकमेकांना सोबत करतात.

वर्गासाठी प्रश्न

१. वाघ्याची कथा ऐकीव आहे हे कळल्यावर तुम्हांस काय वाटले? कथा व इतिहास यांत फरक का करावा?

२. हाचीला लाथ मारणारे लोक व पुढे त्याच्या पुतळ्याला हार घालणारे लोक यांत तुम्हांस कोणता फरक दिसतो?

३. दावीदाने मफीबोशेथाला जेवावयास बसविले त्याचे कारण शास्त्रात कोणते दिले आहे? मफीबोशेथाची त्यात काही योग्यता होती काय?

४. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीतून जे गेले त्यांच्या मागे कोण कोण राहिले आहेत? त्यांची नावे फळ्यावर लिहा. घरातील मुकी जनावरेही धरा. त्यांपैकी एकाकडे या आठवड्यात कोण जाईल, ते वर्ग सुटण्यापूर्वी ठरवा.